ताईंच्या नावावर

“माझ्या नावावर काय आहे? एक डबा आणि एक छत्री!”

हे ताईंचं ठरलेलं बोलणं. ऑफिसात कुणी नवी गाडी घेतली, कुणी जमिनीचा तुकडा घेतला, की ताई फोन खांद्यात धरून, हसत हसत एवढंच म्हणायच्या. ऐकणारे हसायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. राहतं घर दिरांच्या नावावर होतं. नवऱ्याचं दुकान होतं, ते नवऱ्यामागोमाग गेलं. मोबाइलसुद्धा लेकीच्या नावावर. दारातून आत आलं की पहिलं टेबल ताईंचं. आल्यागेल्याला बसवायचं, पाणी विचारायचं, आत फोन जोडून द्यायचा. साहेब बदलले, भिंतींचे रंग बदलले, ताई तिथंच. तुळशीला घालावं तसं रोज सकाळी त्या कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घालायच्या आणि मगच खुर्चीत टेकायच्या.

त्यांच्या टेबलामागं, जिन्याखाली, सामानाची खोली. ती किल्लेदाराची. एके काळी त्याच्या कमरेला चाव्यांचा एवढा जुडगा असायचा की माणसाआधी आवाज यायचा. नाव तेव्हाच पडलं. पुढं कुलपं गेली, दारं उघडायची कार्डं आली, जुडगा हलका झाला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कंपनीचे लॅपटॉप, फोन, कार्डं, कुणाला काय दिलं आणि कुणाकडून काय परत घेतलं, हे बघणं त्याचं काम. आधी ते वहीत चालायचं, मग सिस्टीम आली. सिस्टीममध्ये प्रत्येक माणसाची एक ओळख, आणि त्या ओळखीखाली त्याच्याकडं असलेल्या कंपनीच्या वस्तू. माणूस गेला की ओळख बंद करायची. पण वस्तू परत आल्याशिवाय ती बंद होत नाही. आणि धनी नसलेली वस्तू सिस्टीमला खपत नाही. अशा वस्तूपुढं लाल ठिपका येतो.

लाल ठिपका दिसला की साहेबांचं तोंड आंबायचं. “किल्लेदार, हे काय गोवर आल्यासारखं दिसतंय?”

मग किल्लेदारानं एक युक्ती काढली. खोलीत पडून असलेली, कुणाला द्यायची ते न ठरलेली वस्तू तो ताईंच्या नावावर टेकवायचा. टेकवणं हा त्याचाच शब्द. सायकल भिंतीला टेकवावी तसं. ताईच का? तर ताई कुठं जाणार नव्हत्या, आणि सिस्टीम उघडून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. वस्तू नावावर आली की त्या माणसानं स्वतः सिस्टीममध्ये शिरून ‘मिळाली’ असं दाबावं लागे. तेही अडलं नाही. सिस्टीम आली त्याच आठवड्यात ताईंनी आपला पासवर्ड त्याला कागदावर लिहून दिला होता. “तूच बघ रे बाबा ते माझं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.” तेव्हापासून ताई होऊन ‘मिळाली’ दाबणारा किल्लेदारच.

त्यात एक लॅपटॉप होता. नोकरी सोडून गेलेल्या एका अधिकाऱ्याचा, कोपरा चेपलेला. किल्लेदाराच्या लेकीची परीक्षा होती, घरी यंत्र नव्हतं. “परीक्षा होईपर्यंत,” असं स्वतःलाच सांगून त्यानं तो पिशवीतून घरी नेला आणि इकडं ताईंच्या नावावर टेकवला. परीक्षा झाली. पुढची आली. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर असा रुळला, की तो कुणाचा हे घरात कुणी विचारेना, आणि किल्लेदारही विसरल्यासारखं वागू लागला.

मग ताईंनी नोकरी सोडायचं ठरवलं. लेकीच्या गावी एका दवाखान्यात समोरच्या टेबलाचीच जागा मिळत होती. लेक जवळ, नातू जवळ. दवाखान्यानं एवढंच मागितलं होतं, जुन्या कंपनीचं चांगल्या वागणुकीचं पत्र. ताई म्हणाल्या, “त्यात काय! देतील की.”

लाल ठिपके आले तर येवोत, म्हणत किल्लेदारानं गपचूप एकेक वस्तू त्यांच्या नावावरून उतरवली. लॅपटॉप तेवढा राहिला. उतरवताना वस्तू समोर ठेवून तिचा फोटो काढावा लागायचा. उद्या आणू, उद्या आणू करता करता ताईंचा शेवटचा दिवस उजाडला.

साहेबांनी ओळख बंद करायला घेतली. होईना. ते खोलीबाहेर आले, ताईंच्या टेबलाशी उभे राहिले.

“ताई, तुमच्याकडं एक लॅपटॉप आहे.”

“माझ्याकडं?” ताई हसल्या. “साहेब, माझ्या नावावर काय आहे? एक डबा आणि एक छत्री!”

या वेळी कुणी हसलं नाही. “मिळाला म्हणून तुम्हीच दाबलंय,” साहेब म्हणाले. “गैरसमज नको, पण खण एकदा बघू या.”

खण उघडले. त्यातून सुईदोरा निघाला, डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या, नातवाचा एक मोजा निघाला. पाव्हण्यांच्या सोफ्यावर दोन परकी माणसं बसली होती, तीही माना उंचावून बघत होती. ताईंचे कान लाल झाले. त्या वळल्या, जिन्याखाली उभ्या असलेल्या किल्लेदाराकडं.

“सांग की रे यांना. तूच बघतोस ना ते सगळं माझं?”

किल्लेदाराच्या तोंडून भलतंच निघालं. “सिस्टीममध्ये तरी तसंच दिसतंय, ताई.”

ताईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग मोजा उचलून पर्समध्ये ठेवला.

“उद्यापर्यंत सापडला तर बरं,” साहेब म्हणाले. “नाहीतर पत्राचं अवघड आहे.”

त्या संध्याकाळी किल्लेदार घरी गेला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला. लेक लॅपटॉपवर काही लिहीत होती. चेपलेल्या कोपऱ्यावर तिनं फुलाचं चित्र चिकटवलं होतं.

“बाबा, असं काय बघताय? भूत बघितल्यासारखं?”

“तो बंद कर बेटा. परत द्यायचाय.”

“पण हा आपलाच आहे ना?”

बायकोनं चुलीवरून मान वळवली. त्या घरात तेवढ्यात सगळ्यांना सगळं कळलं. लेकीनं आपलं लिहिलेलं काढून घेतलं, नखानं ते फूल खरवडलं. निम्मंच निघालं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत. आयुष्यभर ज्या सोफ्यावर लोकांना बसवलं, त्याच्या कडेवर बसल्या. मांडीवर डबा, बाजूला छत्री. कुंडीला कुणी पाणी घातलं नव्हतं.

किल्लेदार आला, पण साहेबांच्या खोलीत गेला नाही. त्यानं साहेबांनाच बाहेर बोलावलं. खण जिथं उघडले त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवला.

“हा माझ्या घरी होता. ताईंच्या नावावर मी टेकवला. ‘मिळाला’ म्हणून मीच दाबलं, त्यांच्या पासवर्डनं.”

साहेबांनी त्या अर्ध्या फुलावरून बोट फिरवलं. “आणि काल तुम्ही इथंच उभे होता?”

“होतो.”

“दुपारी चाव्या आणि कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवा,” साहेब म्हणाले. मग ताईंकडं वळून, खालच्या आवाजात, “ताई, माफ करा. पत्र आत्ता देतो.”

साहेब पत्र आणायला गेले. किल्लेदारानं लॅपटॉपचा फोटो काढला, तो ताईंच्या नावावरून उतरवला. ताईंची ओळख निमूट बंद झाली. पडद्यावर त्यांच्या नावाखाली आता काहीच नव्हतं.

“ताई, लेकीची परीक्षा होती...”

“लेकीचं नाव मध्ये आणू नकोस. मागितला असतास तर मीच साहेबांशी बोलले असते.” ताईंचा आवाज चढला नाही. “एकच सांग. काल मी तुझ्याकडं बघितलं, तेव्हा तुला माहीत होतं?”

“होतं.”

“बरं,” ताई म्हणाल्या.

पत्र आलं. त्यांनी ते न वाचता घडी करून डब्याच्या पिशवीत घातलं, दाराशी गेल्या आणि सवयीनं कार्ड लावलं. दार हललं नाही. ओळखच बंद, तर कार्ड कुठलं चालणार? त्यांनी पुन्हा लावलं. किल्लेदार धावत गेला, आपलं कार्ड लावलं, दार उघडून धरलं. ताईंनी आपलं मेलेलं कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं.

“हे कुणाच्या नावावर टेकवू नकोस आता.”

त्या पायऱ्या उतरल्या. बाहेर ऊन चटचटत होतं. त्यांनी छत्री उघडली, डबा दुसऱ्या हातात घेतला आणि मागं न बघता बसथांब्याकडं चालू लागल्या. काचेचं दार किल्लेदाराच्या पुढ्यात आपोआप मिटलं. त्याचं कार्ड दुपारपर्यंत चालू होतं. पण तो तिथंच उभा राहिला आणि काचेतून, ती छत्री कोपऱ्यावर वळेपर्यंत, बघत राहिला.