एक क्विंटल अठरा

द्वारकाकाकू काट्यावर चढायच्या आधी चपला काढायच्या. मग बांगड्या, मग कानातली फुलं, आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्र काढून माझ्या हातात द्यायच्या. "धर बाबा. हा नवऱ्याचा बोजा हाय, माझ्यात मोजू नको."

मग एखाद्या हमालाचा खांदा धरून एक पाय वर, थोडा दम, दुसरा पाय वर, अशा त्या लोखंडी पाट्यावर उभ्या राहायच्या. काटा सोयाबीनची पोती तोलायचा. मी माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन मोठ्यानं सांगायचं, हे माझं काम. पहिल्या दिवशी सवयीनं मी तसंच ओरडलो, "एक क्विंटल अठरा." सकाळचे सहा, शेड मोकळं, आवाज पत्र्याला लागून घुमला. पलीकडच्या टोकाला दात घासत बसलेल्या हमालानं विचारलं, "कुणाचं हाय बे?"

उत्तर काकूंनीच दिलं. "माझं हाय. वलं हाय का वाळलेलं, ते बी इचार."

मोंढ्याच्या दारात त्यांची खानावळ होती. वर पत्रे, खाली चार बाकडी, आणि चुलीसमोर काकू. माझं गाव वडवणीकडं, बायको-पोरं तिकडंच. मी मोंढ्याजवळ खोली करून राहायचो आणि दोन्ही वेळा काकूंकडं जेवायचो. अकरा वर्षं त्यांच्या हातच्या भाकरीबरोबर शिव्या खाल्ल्या. तिसरी भाकरी मागितली की म्हणायच्या, "खा. माझ्यायवढा झालास की थांब." स्वतः त्यांना कधी ताट वाढून घेऊन बसलेलं मी पाहिलं नाही. सगळे उठून गेले की पातेल्यात उरलेलं उभ्याउभ्याच संपवायच्या. "अन्न उकिरड्यावर फेकायचं जिवावर येतं," त्या सांगायच्या, "म्हणून पोटात फेकते."

नवरा भानुदासराव, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. अंगानं वाळलेल्या शेंगेसारखे. खानावळीच्या दारात खुर्ची टाकून ते गिऱ्हाइकांना हसवायचे. "आमच्या घरी ओव्हरलोड गाडी हाय, पासिंग होत न्हाई." हमाल हसायचे, मीही हसायचो, काकूसुद्धा हसायच्या. फक्त तेवढी एक भाकरी तव्यावर जरा जोरात आपटली जायची.

मग भानुदासरावांचे पाय सुजायला लागले. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या, पोटात घेतल्या नव्हत्या. दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस सुरू झालं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणी किडनी दिली तर माणूस पुढं जगेल. भानुदासरावांचा कडा गावचा सख्खा भाऊ भेटायला आला, सगळं ऐकून घेतलं, जेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची कंबर धरली ती धरलीच. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा तयार होता. काकूंनीच त्याला गप्प केलं. "तुझं अजून नवं हाय. कशाला खोलायचं?"

राहिल्या काकू. रक्तगट तपासला, तो जुळला.

"तीस वरसात आमचं जुळलं ते यवढंच," आमच्या ताटात कालवण वाढता वाढता त्यांनी ही बातमी सांगितली. "पण डॉक्टर म्हणतो, बाई, नव्वदच्या आत या, मग बगू. एवढ्या चरबीत हात घालायला तो भितो. म्हंजी बगा, ज्या चरबीला ह्या माणसानं जलमभर नावं ठिवली, ती आता ह्याच्याच आडवी आली." त्यांनी वाटी ठेवली. "मला आदी हसू आलं. मंग न्हाई आलं."

चालायचं ठरलं, पण रस्त्यानं फिरायला गेलं तर गाव बघणार. मोंढ्याची जमीन सिमेंटची, सपाट, आणि सकाळी तिथं आम्हीच. "तुमी माझे जेवणारे," काकूंनी बजावलं. "जो हसंल त्याच्या कालवणात पाणी."

त्या पहिल्या सकाळी त्या काट्यापासून शेडच्या पहिल्या खांबापर्यंत चालल्या. तीसेक पावलं असतील. खांबाला धरून उभ्या राहिल्या, मग शेजारच्या कट्ट्यावर बसल्या. पायात मुलाचे जुने बूट, साडी वर खोचलेली, तोंड लाल. कुणीही हसलं नाही. कालवणातल्या पाण्याची भीती होती, पण नुसती तीच नव्हती. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी घात केला. मोबाइलवर एका पोरीनं उड्या मारून वजन उतरवून दाखवलं होतं, काकूंनी तशा सहा उड्या मारल्या. सातवीला गुडघा गेला. आठ दिवस त्या खाटेवर, आणि आम्ही आठ दिवस भानुदासरावांच्या हातची खिचडी खाल्ली. त्या खिचडीनंच आमच्यातले दोघं किलो-किलोनं उतरले असतील.

गुडघा दाखवायला गेल्या तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं. उड्या नाहीत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं, परत उठायचं. चालणं रोज थोडं, आणि आठवड्याला थोडं वाढवायचं. चालता चालता बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. बोलताना धाप लागली तर हळू व्हायचं.

"लई शानी बाई हाय," काकू खूश होऊन परत आल्या. "गप ऱ्हाऊन चाल म्हणली असती तर मेलेच असते मी."

तेव्हापासून मोंढ्यात सकाळी सहा ते साडेसहा काकूंचं तोंड आणि पाय एकदम चालू असायचे. अडत्यांपासून आमदारापर्यंत कुणी सुटायचं नाही. धाप लागली की शिवी अर्ध्यावर राहायची. खांबाला टेकून दम घ्यायच्या आणि उरलेली पूर्ण करून पुढं निघायच्या. खुर्ची नव्हती म्हणून कट्ट्यावरूनच उठबस. हमालांतले सगळ्यात वयस्कर इस्माईलचाचा मोजायला बसायचे. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चाचांची तीच सवय. काकू उठल्या की ते म्हणायचे, "लाभ." मग, "दोन. तीन."

"चाचा, माझ्यात कसला लाभ मोजताव?" कट्ट्यावर बसत काकू म्हणाल्या. "मला तोटा पायजे. तोटा म्हणा."

चाचांनी गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मोजणी "तोटा, दोन, तीन" अशी झाली. अख्ख्या मोंढ्यात तोट्यावर खूश होणारं तेवढंच एक माणूस.

वजन दर सोमवारी. एक क्विंटल पंधरा, बारा, नऊ. फेऱ्या एकाच्या तीन झाल्या, तिनाच्या आठ. आणि मग एकशे एकवर काटा अडकला. एक महिना गेला, दुसरा गेला. काकू आता पाऊण तास चालायच्या, कट्ट्यावरून तीसदा उठायच्या, आणि काटा एकशे एक.

"तू नीट बगतोस का?" त्यांनी माझ्यावरच शंका घेतली. "लोक म्हणतेत मापाडी वजन मारतेत. मंग माझंच कावून मारंनास?"

मी म्हटलं, "काकू, मी मारीन. पण संभाजीनगरचा काटा माझ्या ऐकण्यातला नाही."

मंगळसूत्र माझ्या हातातून न घेताच त्या जाऊन कट्ट्यावर बसल्या. आदल्या दिवशी भानुदासराव बीडहून परत येताना बसमध्ये बेशुद्ध पडले होते.

"दत्ता, ते माणूस माझ्या चरबीनं मरंल बग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अन् मी खायलेय. तुमी उठून गेलाव की मी अजून खायलेय. रातीचं उरलेलं, करपलेलं, पोरांनी टाकलेलं. मला वाटायचं करपलेलं मोजत न्हाईत."

वजन सांगण्यापलीकडं मला फारसं काही येत नाही. इस्माईलचाचा मात्र उठले आणि म्हणाले, "भाभी, बकरी बांधो."

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःच्या घरची शेळी आणून खानावळीच्या मागं बांधली. उरलेली भाकरी तिला. काकू आता दुपारी आमच्यातच ताट घेऊन बसायला लागल्या: एक भाकरी, वाटीभर वरण, कांदा, काकडी. एकदाच वाढून घ्यायचं आणि बसून खायचं. पहिले काही दिवस ताटाकडं अशा बघायच्या की जणू कुणीतरी त्यांना फसवलंय. पण काटा हलला. शंभर. अठ्ठ्याण्णव. "शेळी माझ्या वाटचं जाड व्हायलीय," त्या सांगायच्या. "तिची किडनी कुणी मागू नये म्हंजी झालं."

एकदा भानुदासराव भिंतीला धरत धरत शेडपर्यंत आले. नुसत्या हाडांवर शर्ट. काकूंना फेरी मारताना बघत म्हणाले, "अजून किती गाळायचं ऱ्हायलंय?"

"तुमी टिका," काकू न थांबता म्हणाल्या, "मी गाळते."

ते वळले आणि हळूहळू परत गेले.

सव्वा वर्ष लागलं. त्या सोमवारी काटा एकोणनव्वद सहाशेवर थांबला. मी नेहमीसारखं ओरडणार तेवढ्यात काकूंनी स्वतःच वाकून आकडा वाचला, पाट्यावरून कुणाचा खांदा न धरता उतरल्या, आणि माझ्याकडं हात पुढं केला. "दे माझं सोनं. अन् जेवाया लवकर या, भाजी थोडी हाय."

ऑपरेशनच्या आधी मी न राहवून विचारलं, "काकू, त्यांना का देताय?" मला वाटलं होतं, कपाळावरच्या कुंकवाचं वगैरे काहीतरी येईल.

"कावून म्हंजी?" त्या म्हणाल्या. "तीस वरसं ऐकून घेतलं त्याचं. आता माझी पाळी आली अन् हा निघाला व्हय?"

ऑपरेशन नीट झालं. दोन महिन्यांनी दोघंही परत आले. काकूंच्या पोटाला पट्टा, भानुदासरावांच्या तोंडाला मास्क आणि गालावर मांस. बरे झाल्यावर हा माणूस परत खुर्ची टाकून दारात बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "माझी किडनी गेली म्हणून तर ही बारीक झाली. न्हाई तर झाली असती का?" डॉक्टरांनी त्यांनाही चालायला सांगितलं होतं. ते म्हणायचे, "मी जलमभर गाडी चालवली, आता पाय कशाला चालवू?" काकू एकट्याच मोंढ्यात यायच्या. ऑपरेशन उरकलं तरी चालणं त्यांनी सोडलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरात बसून त्याचं थोबाड बगू का?"

नंतर मुलानं दोघांना पुण्याला नेलं. खानावळ बंद झाली, शेळी चाचांकडं परत गेली. निघायच्या दिवशी काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवू घातलं आणि जमतील तेवढ्या शिव्या दिल्या.

गेल्या महिन्यात भानुदासरावांचा फोन आला. काकू सकाळी फिरून आल्या, चहा टाकला, ओट्याला धरून खाली बसल्या आणि गेल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. भानुदासराव हे सगळं सरळ आवाजात सांगत होते. मागून रस्त्याचा आवाज येत होता आणि त्यांना धाप लागली होती.

"तुमची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"मला आता मरायची सोय न्हाई," ते म्हणाले. "तिचं सामान हाय माझ्यात. रोज सकाळी फिरवून आणतो त्याला."