काळंभोर पाणी

माझा मामा बावीस वर्षं एका दवाखान्यात सोनोग्राफी काढतो. पदवी डॉक्टरांची, हात मामाचा. डॉक्टर सहीपुरते उगवतात, आणि त्यांना चित्र स्वच्छ लागतं. जरा करडं दिसलं की म्हणतात, "काय हा चिखल!" यंत्रावर चित्राचा उजेड कमीजास्त करायचं एक बटण असतं. साहेबांची मर्जी राखायला मामा ते कायम खाली ठेवायचा.

त्याने काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! मला त्यानेच शिकवलं होतं. साधं पाणी पडद्यावर काळंभोर दिसतं. पू किंवा रक्त असलं तर त्यात करडे कण तरंगतात, तळाशी गाळ दिसतो. उजेड फार कमी केला तर ते कण दिसेनासे होतात आणि पूसुद्धा पाण्यासारखा दिसतो.

आईला ताप आला, धाप लागली. छातीत पाणी झालंय, सुईने थोडं काढून तपासू, असं आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले. आई सुईला भलती घाबरायची. "आधी माझा भाऊ बघेल," म्हणाली. मामाने बघितलं, पण सवयीने बटणाला हातही लावला नाही. छातीठोकपणे म्हणाला, "ताई, साधं पाणी आहे गं. गोळ्यांनी जिरेल. सुई कशाला टोचून घेतेस?"

झालं! भावाने सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. पंधरा दिवस आम्ही गोळ्या देत बसलो.

मग तिला मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. तिथल्या मुलीने पुन्हा सोनोग्राफी केली, तर पडद्यावर नुसते करडे कण. मामा पुढे होऊन म्हणाला, "उजेड जास्त झालाय तुमचा."

"काका, उजेड बरोबर आहे. हा पू आहे."

मामाने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. मला त्याची दया आली नाही.

नळी घालून पू काढला, पण विष अंगात भिनलं होतं. चौथ्या दिवशी आई गेली. त्याआधी माझा हात धरून म्हणाली, "मामाला एक शब्द बोलू नकोस. माझी शपथ आहे."

नाही बोलले. मामा दर रविवारी येतो. "शिव्या दे गं, पण बोल," म्हणतो. मी चहा पुढे ठेवते आणि भाजी निवडत बसते. पोरगी आईची शपथ पाळते म्हणून सगळे माझं कौतुक करतात. खरं सांगू? चार शिव्या दिल्या तर तो मोकळा होईल, आणि मला त्याला मोकळं करायचं नाही.