मेंढ्या न पाहिलेला मेंढपाळ

आमच्या कुत्र्याला कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये, सगळे पोलिसाचा कुत्रा म्हणत. जर्मन शेफर्ड दिसला की लोकांना चोर आठवतात, मेंढ्या कुणालाच आठवत नाहीत. खरं तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीत गावोगावचे मेंढ्या राखणारे कुत्रे निवडून ही जात तयार केली. उघड्या रानात कळपाभोवती दिवसभर फिरत राहायचं, चालतंबोलतं कुंपण व्हायचं, हे तिचं मूळ काम. पोलीस नंतर आले. पण हे सांगायला गेलं की लोक मलाच वेड्यात काढायचे.

क्वार्टरच्या वीतभर अंगणात या कुंपणानं करायचं तरी काय? शिफ्ट सुटून सायकली आल्या की तो फाटकावरून उडी मारायचा आणि त्यांना एका बाजूला घ्यायचा. जो मागे रेंगाळेल त्याच्या पोटरीला तोंड लावायचा. लोक शिव्या घालत, मला हसू येई. मग एकदा शाळेतून रमतगमत येणाऱ्या शेजारच्या मुलीची पोटरी त्यानं धरली. दात रुतले, रक्त आलं. माझं हसू तिथंच संपलं.

"तो चावत नाई वहिनी, वळवते," बाबा मुलीच्या आईला समजावू लागले.

"पोरीले इंजेक्शनं घ्या लागले, आन तुमी मले कुत्र्याची जात शिकवून राहिले?"

तिचं बरोबर होतं आणि बाबांचंही खोटं नव्हतं. याचाच मला संताप यायचा.

शेवटी कुत्रा ठेवायचा नाही असं ठरलं. अहिवारा गावाजवळचा बाबांच्या ओळखीचा एक बकरीवाला त्याला ठेवून पाहायला तयार झाला. मी आणि बाबा त्याला ऑटोत घालून घेऊन गेलो. कुत्र्यानं जन्मात बकरी पाहिली नव्हती. सोडताच मान खाली घालून तो शेताच्या कडेनं चालू लागला, एक फेरी, मग दुसरी. बिचकलेल्या बकऱ्या हळूहळू मधे जमल्या. बाबांनी माझा हात घट्ट धरला. "पाय, कोनं शिकवलं याले?" त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला.

परतताना वळणावर बाबांनी ऑटो थांबवायला लावला आणि जेवायला बोलवायची शिट्टी घातली. कुत्र्याचे कान हलले. तेवढ्यात एक करडू बाजूला निघालं आणि तो त्याच्या मागे गेला.

घरी आई दारातच उभी होती. "मागं धावला काय हो? लय रडला असन."

"नाई," बाबा चपला काढत म्हणाले. "त्यानं पायलं बी नाई."