उघडं दुकान बंद म्हणालो

काकाजींचं भांड्यांचं दुकान चालू असताना ते बंद झालं, असं मी लोकांना सांगितलं. एकदा नाही, बऱ्याचदा. पहिल्यांदा जीभ अडखळली होती, नंतर तीही अडखळेनाशी झाली.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं, हमरस्त्याला लागून. साकोली पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायला नको. गावाच्या मधोमध जुनी बाजाराची लाइन आणि तिच्या तोंडाशी बस थांबायची. माझं कापडाचं दुकान वडिलांपासूनचं. शेजारी काकाजींचं पितळी भांड्यांचं, समोर बांगड्यावाल्या मावशींचं, पुढे शिंपी, चपला, चहाची टपरी. काकाजी माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. पण वडील गेले तेव्हा मला उलगडलेल्या साडीची घडीसुद्धा नीट घालता येत नव्हती. त्या दिवसांत ते स्वतःचं दुकान उघडायच्या आधी माझ्या गादीवर येऊन बसत. काही शिकवत नसत, नुसते बसत. कोणीतरी मोठं माणूस दुकानात आहे, एवढं गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून.

आमची लाइन चालायची ती बस्त्यावर. धानाची कापणी-मळणी आटोपली की लग्नं निघत, आणि गावोगावची दोन्हीकडची माणसं बस्त्याला येत. नवरीचा शालू, नवरदेवाचे कपडे, मामाचं धोतर, आत्यांची लुगडी, सगळं एकाच दुकानात, एकाच दिवशी. रुसवेफुगवे तिथेच होत आणि तिथेच मिटत. बस्ता बांधून झाला की कापडवाल्याने स्वतः उठायचं, पायात चपला घालायच्या आणि पाहुण्यांना पुढच्या दुकानापर्यंत नेऊन सोडायचं. आधी काकाजींकडे, आंदणाच्या भांड्यांसाठी, मग मावशींकडे हिरव्या चुड्यासाठी. ‘हे आपले पाहुणे’ एवढंच म्हणायचं. वडील तसंच करत. दुसराही एक रिवाज होता, तो कोणी बोलून दाखवत नसे. शेजारच्या दुकानातला माल आपल्या दुकानात ठेवायचा नाही.

लाइन तेव्हाही बरी नव्हती, हे खरं सांगितलं पाहिजे. कॉलेजातली पोरं कपड्यांसाठी नागपूर गाठत होती. गाडी लावायला जागा नव्हती. बस्त्याला आलेल्या बायकांना दिवसभर बसावं लागे, आणि त्यांच्यासाठी अख्ख्या लाइनीत एक संडास नव्हता. मावशी त्यांना मागच्या दाराने आपल्या घरी नेत. दोनतीन दुकानं आधीच गोडाऊन झाली होती. त्यामुळे हमरस्त्यापलीकडच्या जुन्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, भर पडू लागली आणि तिथे मोठं शॉपिंग सेंटर होणार असं कळलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. त्या बोडीत मी लहानपणी सिंगाडे काढले होते, तरीही नाही.

बांधणाऱ्याला बस थांबा इमारतीसमोर हवा होता. लाइनीने विरोध केला असता तर ते सहज झालं नसतं. मारुतीच्या देवळात सगळे दुकानदार बसले. मी तिथे गाळा घेणार हे सगळ्यांना माहीत होतं, मी लपवलं नव्हतं. मी उभा राहून बोललो. नागपूरला जाणारा माणूस इथेच थांबेल, म्हणालो. एकदा तो गावात थांबला की लाइनीतही येईल. मला ते पटलेलं होतं. निदान तेव्हा तरी होतं.

चपलावाला म्हणाला, “येईल कसा? मधात रोड आहे न.”

त्यावर मी शब्द दिला. बस्ता माझ्याकडे होईल, पण पाहुण्यांना मी स्वतः इकडे आणून सोडीन, आधी सोडत होतो तसंच. सगळे काकाजींकडे पाहू लागले.

“पोरगा सांगून राहिला तं आणीनच,” काकाजी म्हणाले. “त्याच्या बापानंही कधी पाहुणा अर्ध्या रस्त्यात सोडला नाही.”

विषय तिथेच संपला. कोणी विरोध केला नाही.

इमारत उभी राहिली आणि मी दुकान तिकडे हलवलं. काचेचा दर्शनी भाग, सरकता जिना, वर खाण्याची दुकानं. पहिल्या दिवाळीत अशी गर्दी लोटली की मला वाटलं, आपण बोललो ते खरं ठरलं. लाइनीतल्या घरांतल्या दोन मुलींना तिथे कामं लागली. बायकांसाठी स्वच्छ संडास होते. कोणी काही म्हटलं की मी याच गोष्टी पुढे करायचो.

पण थांबा हलला आणि लाइनीतला आवाज गेला. आधी कंडक्टरची आरोळी, मग टपरीवरचा कपांचा खणखणाट. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपू लागली आणि त्यांना उठवायला एकही गाडी येईना. एकदा मी जुन्या दुकानातून काही सामान आणायला गेलो, तर समोरच्या दुकानातला पंखा कुरकुरतोय ते मला रस्त्यावर ऐकू आलं. इतकी वर्षं तो पंखा तसाच कुरकुरत असणार. मी तो कधी ऐकला नव्हता.

सुरुवातीला मी शब्द पाळला. बस्ता झाला की पाहुण्यांना माझ्या गाडीतून, नाहीतर मागोमाग चालवत लाइनीत नेई. मध्ये दुभाजक होता, वळसा घालून जावं लागे. म्हातारी माणसं कुरकुरत. परत येईस्तोवर दुसरा बस्ता खोळंबलेला असे. मग मी नोकराला पाठवू लागलो. नंतर नुसतं बोटाने दाखवू लागलो. याच सुमारास मी दुकानाच्या एका कोपऱ्यात स्टीलचे डिनर सेट आणि काचेत ठेवलेले चुडे मांडले. शेजारी आता काकाजी नव्हतेच, मग रिवाज कुठला, अशी मी मनाची समजूत घातली.

आंबागडकडचं एक कुटुंब बस्त्याला आलं होतं. ऊन भयंकर होतं. बस्ता बांधून झाला आणि नवरीच्या आईने विचारलं, “भाऊ, तुम्ही ते पितळेच्या भांड्यायच्या दुकानात नेत होते न? माझ्या मोठीच्या वक्ती नेलं होतं. तिचा गुंड अजून नव्यासारखा आहे.”

गुंड म्हणजे पाण्याची पितळी घागर. आमच्याकडे आंदणात तो लागतोच. बाहेर दुसरी माणसं वाट पाहत होती. कोपऱ्यातले सेट तिच्या डोळ्यांसमोर होते.

“ते दुकान बंद झालं, बाई,” मी म्हणालो.

“अरे देवा. काहून?”

“म्हातारपण,” मी म्हणालो, आणि सेटवरची धूळ पुसली.

त्या वेळी काकाजी आपल्या दुकानात बसून चिंच लावून भांडी घासत असतील. दुपारी ते तेच करायचे, गिऱ्हाईक असो की नसो.

यानंतर ते वाक्य सोपं झालं. कोणी विचारलं की तेच सांगायचो. माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. बस्त्याला एका घरची माणसं येत नाहीत, दोन गावं येतात. कापडवाल्याने सांगितलेली बातमी लग्नघरी जाते, मांडवात बसते आणि तिथून जेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर त्याच्या गावी जाते.

ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलं. मोहाडीकडचा एक शेतकरी कापड पाहता पाहता आपणहून म्हणाला, “जुन्या लाइनीतलं ते भांड्याचं दुकान बंद झालं म्हणते. चांगला माणूस होता.” ‘होता’ ऐकून मी हातातलं कापड खाली ठेवलं. तो माणूस त्या दिवसाआधी माझ्या दुकानात कधी आलेला नव्हता.

“आहेत ते,” असं मी म्हणायला हवं होतं. मी शर्टाचं माप विचारलं.

मग एक दिवस मी लाइनीत गेलो असताना टपरीवर हसण्याचा आवाज आला. काकाजी, मावशी आणि शिंपी बसले होते. मला हाक मारून त्यांनी बसवलं. काकाजी मजा सांगत होते. सकाळी खेड्यावरून एक म्हातारा आला होता, जुनं गिऱ्हाईक, खांद्यावर पांढरा शेला. दुकानाच्या पायरीशी येऊन थबकला.

“मले पाहून असा घाबरला बाप्पा,” काकाजी म्हणाले, “मी म्हटलं, ये न, बस. तं म्हणते, काकाजी, मी तं तुमच्या घरी बसाले आलो होतो. तुम्ही गेले म्हणून आयकलं.”

“मग चहा पाजला की नाही?” मावशींनी विचारलं.

“पाजला न. आपल्याच मयतीले आलेल्या माणसाले उपाशी पाठवतेत का?”

सगळे हसले, मीही हसलो. हसता हसता काकाजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “कोण असंन रे? कोणीतरी मले मारून राहिला.” आवाज थट्टेचाच होता. मी खाली पाहिलं. माझ्या हातातल्या चहावर साय धरली होती.

त्या दिवशी सांगितलं असतं तर अजून वेळ होता. पुढच्या हंगामात त्यांच्याकडे एकही आंदण निघालं नाही. मावशींनी दुकान बंद केलं आणि त्या लेकीकडे गेल्या. शिंपी माझ्याच इमारतीत पँटी आखूड करायला बसू लागला. टपरीवाल्याने टपरी ढकलत थांब्यावर आणली, तिथून तिला हाकललं, आणि मग ती कुठे गेली ते मला माहीत नाही.

इमारतीने लाइन वाचवली नाही, आणि आता ती स्वतःही खचत चालली आहे. हमरस्त्यावर उड्डाणपूल झाला आणि नागपूरच्या गाड्या आमच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. वरच्या मजल्यावरची दुकानं एकेक करून उठली. सरकता जिना बंद पडला, लोक त्यावरून चालत जाऊ लागले, आणि काही दिवसांनी तेही जायचे थांबले. पावसाळ्यात तळघरातल्या फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येतं. पंप लावतात, ते परत येतं. पोरं मोबाइलवर साडी दाखवून विचारतात, अशी आहे का? मी ‘आहे’ म्हणेपर्यंत त्यांनी ती मागवलेली असते. गावात आता दोन ओसाड जागा आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक रस्ता.

मागच्या महिन्यात कळलं की काकाजी दुकान रिकामं करतायत. मी गेलो तेव्हा लाइनीत टेम्पो उभा होता. भंगारवाला पितळेचे गुंड, गंज, पराती अशी सगळी भांडी पोत्यात कोंबत होता. मोडीच्या पितळेला पोचे पडले काय आणि न पडले काय, त्यामुळे तो ती पायाने दाबून बसवत होता. ज्या दारातून मी कितीतरी लग्नघरच्या पाहुण्यांना आत नेऊन सोडलं, त्या दारातून पोती बाहेर येत होती. काकाजी पायरीवर बसले होते. चपलावाला आणि आणखी दोघेतिघे पाहत उभे होते.

काकाजींचा मुलगा पुण्याहून आला होता. तो दमलेला होता, चिडलेला होता. “बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं, स्टील ठेवा,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “काळ बदलला, तुम्ही बदलला नाहीत. दुकान तुमच्यामुळेच बुडालं.”

मला वाटलं, काकाजी काहीतरी टोला देतील. ते जन्मभर देत आले होते. पण त्यांनी मान हलवली.

“हो न,” ते म्हणाले. “माझंच चुकलं. लोकायले माझा मालच नको होता, मले उशिरा समजलं.” मग मी उभा आहे हे पाहून ते थोडे सरकले आणि पायरीवर हाताने जागा दाखवली. “ये, बस. तुझा बाप असता तं त्यानं मले आधीच सांगितलं असतं.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर त्यांच्या शेजारी बसून मीही मान हलवली असती, आणि चूक आपलीच, एवढंच घेऊन ते घरी गेले असते.

“काकाजी, लोक तुमचा माल मागत होते,” मी म्हणालो. “माझ्या दुकानात उभे राहून मागत होते. दुकान बंद झालं असं मी त्यायले सांगितलं. तुम्ही इथं बसले होते अन् मी तिकडं सांगत होतो. माझे सेट विकाले. तुम्ही गेले ही बातमीही तिथूनच निघाली.”

पोतं बांधणारा थांबला. काकाजींचा हात अजून पायरीवर होता, माझ्यासाठी सोडलेल्या जागेवर.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. “मी चुकलो. मले माफ करा, काकाजी.”