परक्या मयताला जाणारे मेयर

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या शेजारच्या आमच्या शहरात ते फ्युनरल होम अजून आहे. तिथून गाडी गेली की ते प्रकरण आठवतंच. मी तेव्हा तिथल्या पोलिसांत घरफोड्यांचा तपास करत होतो. फिलिपिनो कुटुंबं अंत्यविधीला गेली की त्यांची घरं फुटत होती, आणि तीही विधी चालू असताना नव्हे, संपल्यावर. तेव्हाही घर रिकामं असतं हे आतल्यालाच माहीत असणार, त्यामुळे आमचा संशय नातेवाइकांवरच होता.

टीप दिली ओळखीच्या एका मराठी काकूंनी. "अरे, आमच्या ग्रुपमधल्या काकांच्या फ्युनरलला एक फिलिपिनो म्हातारा होता. कुणीच ओळखत नव्हतं त्याला. मग ऑफिसमधल्या मैत्रिणीची आई गेली, तर तिथेही तोच. मी नीट नोटीस केलंय. चेक कर बाबा."

बोलावल्यावर ते गृहस्थ स्वतः गाडी चालवत स्टेशनला आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. फ्रंट डेस्कवरच्या अंमलदाराशी हात मिळवून, त्याच्या घरच्यांची चौकशी करूनच आत आले. साधा चोर असा येत नाही, पण मुरलेला भामटा येतो. मी सैल सोडलं नाही.

"मयताशी तुमचं नातं काय?"

"काही नाही."

"मग जाता कशाला?"

"मी मेयर होतो," ते म्हणाले. एका लहानशा बेटावरचं गाव. आधी वस्तीचे पंच, मग कौन्सिलर, मग मेयर. गावात कुणीही गेलं की हे रात्रभर त्या घरी बसायचे. एकदाच चुकलं. एका कोळ्याची आई गेली तेव्हा ते राजधानीत होते. पुढच्या निवडणुकीत त्याची अख्खी गल्ली विरोधात गेली आणि ते पडले. त्यानंतर त्यांनी एकही मयत चुकवलं नाही. बायपास झाल्यावर मुलीने इथे आणलं. डॉक्टर विमानात बसू देत नव्हते.

"तिथे आता कुणाकुणाला पोचवलं असेल, मला कळतही नाही. म्हणून इथल्यांना जातो. मुलीला सांगू नका, साहेब. ती गाडीची किल्ली काढून घेईल. मग मी कुठे जाऊ?"

ही अटक नव्हती, कळवायचं बंधन नव्हतं. मी कळवलं नाही.

मी विचारलं, विधी संपल्यावर घरं रिकामी का असतात? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. मयतावरून कुणी थेट घरी जातं का? गेलेला मागोमाग घरात येतो. म्हणून आधी कुठेतरी थांबायचं. सगळे कोपऱ्यावरच्या डोनट शॉपमध्ये बसतात.

"सगळे?"

त्यांनी डोळे मिटले. राजकारणातल्या माणसाला चेहरे विसरणं परवडत नाही. "एक जण कधीच येत नाही. करडं जॅकेट, मागची रांग. कुणाचा कोण म्हणून मी विचारतो ना सगळ्यांना. एकदा पुतण्या म्हणाला, एकदा जावयाचा मित्र."

पुढच्या अंत्यविधीनंतर आम्ही करड्या जॅकेटच्या मागे राहिलो. मयताच्याच घराच्या मागच्या दारी तो पहार लावताना सापडला. तोही त्याच समाजातला. घर किती वेळ रिकामं राहणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

काही महिन्यांनी मेयर गेले. मुलीने अगदी लहान हॉल घेतला होता. इथे बाबांना कोण ओळखतं, असं तिला वाटलेलं. पण हॉल भरून माणसं पार्किंगपर्यंत उभी राहिली. आमच्या काकूसुद्धा आल्या होत्या. मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हे सगळे कोण आहेत?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

माणूस जिथे उगाच दिसतो तिथे त्याचं काहीतरी हरवलेलं असू शकतं, हे मी नोकरीत त्या एका जबानीतून शिकलो. माझी आई साताऱ्यात वारली तेव्हा मलाही जाता आलं नव्हतं, सगळे विधी फोनच्या स्क्रीनवर पाहिले होते. फोन ठेवला आणि घरातच होतो. कुठून निघायचं नव्हतं, कुठे थांबायचं नव्हतं.

मेयरच्या अंत्यविधीनंतर मात्र मी त्या डोनट शॉपमध्ये बसलो. कॉफी गार झाली तरी उठलो नाही. आई मागोमाग घरी आली असती तर मला हवीच होती.