मास्तरांचा कान

चेलोमास्तरांची उमेदीची सगळी वर्षं वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत गेली. गुडघ्यांत चेलो, हातात गज आणि डाव्या कानामागे वर्षानुवर्षं वाजणारं ट्रंपेट. वरच्यांची मर्जी सांभाळणं जमलं नाही, म्हणून पुढची खुर्ची कधी मिळाली नाही. कान मात्र असा तयार, की सूर केसभर हलला तरी त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्याचा त्यांना गर्व होता, आणि दुसरं होतं तरी काय बिचाऱ्यांकडे!

निवृत्तीनंतर ते बाहेरच्या खोलीत शिकवू लागले. शिकवणं म्हणजे डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "उतरलाय. चढव." हळूहळू त्यांना सगळ्यांचेच वरचे सूर उतरलेले वाटायला लागले. खोलीतला पियानोसुद्धा. पियानो जुळवणाऱ्याने दोनदा तपासून सांगितलं की वाद्य ठीक आहे, तर मास्तरांनी त्याला बहिरा ठरवून दाराबाहेर काढलं. बायको म्हणाली, सगळं गाव बहिरं आणि तुम्ही एकटे शहाणे. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. सुराची सुई दाखवणाऱ्या यंत्राला तर घरात बंदीच होती. कान असलेल्याला सुई कशाला?

शिष्य एकेक करून गळाले. उरली लेक. तिचा हात बापापेक्षा सरस होता, आणि आपल्याला न मिळालेली पुढची खुर्ची तिला मिळावी एवढ्यासाठीच मास्तर जगत होते. अशी खुर्ची रिकामी व्हायची तर कुणीतरी थकावं लागतं नाहीतर मरावं लागतं. पुढच्या रांगेतला एक जण गेला, आणि निवड ठरली. मास्तरांनी तिला रोज सकाळपासून घासून घेतलं. वरच्या सुरांवर ती आली की हटकून, "चढव. अजून. हां, आत्ता बसला."

निवडीत वाजवणारा पडद्याआड बसतो, म्हणजे वशिला नको. लेक वाजवून आली आणि थेट आतल्या खोलीत गेली.

संध्याकाळी वाद्यवृंदातला जुना ट्रंपेटवाला आला. निवड करणाऱ्यांत तोही होता. त्याने पाण्याचा पेला रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाला, "हात काय सुंदर आहे रे पोरीचा. पण वरचे सूर चढे. सगळेच्या सगळे, एकसारखे. असं कोण शिकवतं, म्हणालो मी. पडदा उघडला तर तुझी लेक."

तो गेल्यावर मास्तरांनी लेकीच्या चेलोची पेटी उघडली. राळेच्या डबीखाली सुईचं यंत्र होतं, कडा झिजलेलं. त्यांनी स्वतः गज धरला आणि वरचा एक सूर लावला. कानाला अगदी नेमका. सुई सरळ उजवीकडे, चढ्या बाजूला पडली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच, हे त्यांना कळलं.

लेक दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडे कानाशिवाय काय होतं? म्हटलं, घरात तुमच्यासारखं वाजवीन, तिथे बरोबर वाजवीन. पण तिथे बोटं घरच्याच जागी गेली."

मास्तरांना रडू आवरलं नाही. लेकीनेही त्यांचे डोळे पुसले नाहीत. खुर्ची गेली होती. पुन्हा कधी रिकामी होईल, कुणाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला समोर बसवलं. ती बरोबर वाजवू लागली. मास्तरांना तो प्रत्येक सूर पडलेला, भिकार वाटत होता. ते दात आवळून मान डोलवत राहिले. मध्येच तिची बोटं सवयीने घसरली, आणि तो सूर त्यांच्या कानाला मधासारखा गोड लागला.

"थांब," मास्तर म्हणाले. "हा चुकला."