वर सरकलेलं घर

इस्त्रीवाल्या काकूंना कुणी म्हातारं म्हटलं की त्या आपली सहा किलोची इस्त्री त्याच्या हातात द्यायच्या. "धर जरा, आलेच मी," म्हणायच्या आणि मुद्दाम सावकाश यायच्या. वय अडुसष्ट. रक्तदाबाची गोळी बारा वर्षं चालू, तरी दिवसाचे आठ तास टेबलापाशी उभ्या.

दवाखान्यात रक्तदाब असलेल्या वयस्कर लोकांची पाहणी निघाली, तेव्हा सुनेनं त्यांचं नाव दिलं. काकू तोऱ्यातच गेल्या. मुठीचा जोर मोजणारं यंत्र त्यांनी असं आवळलं, की डॉक्टरबाईंनी काटा दोनदा पाहिला. मग रक्त घेतलं. शेवटी डॉक्टरबाईंनी एक साधी खुर्ची पुढे केली.

"हात छातीशी घ्या आणि पाचदा उठून दाखवा."

काकू दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यातूनच खाली बसल्या.

"खुर्ची बुटकी आहे तुमची," त्या म्हणाल्या. तशी ती नव्हती.

आठवड्यानं अहवाल आला. "काकू, अंगातली सूज दाखवणारा एक घटक तुमच्या रक्तात वाढलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो वाढलेल्यांचं चालणं-उठणं लवकर मंदावतं का, तेच आम्ही बघतोय. तुमचं तसं होईलच असं नाही. पण पायांकडे लक्ष द्या. त्रास कधीपासून आहे?"

"त्रास? छे, कसला त्रास!"

सून शेजारीच बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "आई, रागावू नका. पलंगाखाली विटा कधी लावल्या?"

"गेल्या वर्षी. झाडायला बरं पडतं."

"आणि बादली स्टुलावर? खालच्या फळीवरचे डबे वर?"

काकूंनी एकेक गोष्ट आठवून पाहिली. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. पण दोन वर्षांत सगळं घर हातभर वर सरकलं होतं, आणि सरकवलं होतं त्यांनीच.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं."

रविवारी विटा निघाल्या. इस्त्री तापेपर्यंत काकू खुर्चीवरून उठबस करू लागल्या, आधी टेबल धरून, मग न धरता. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काकू, उठाबशांची शिक्षा कशाबद्दल?"

"शहाणपणाबद्दल," काकू म्हणाल्या.

सहा महिन्यांनी त्या पाचदा उठल्या, पाचव्यांदा धापा टाकत. रक्तातला आकडा मात्र जवळपास तिथंच होता.

"म्हणजे सगळं पाण्यात?"

"आकडा का हलला नाही, ते मलाही सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुम्ही उठलात, ते मी डोळ्यांनी पाहिलं."

काकू हिरमुसल्या त्या हिरमुसल्याच. बसथांब्यावर सुनेशेजारी ठेंगण्या कट्ट्यावर बसून राहिल्या. बस आली तसा सुनेनं हात पुढे केला. काकूंनी त्याकडे पाहिलं.

"आज दमलेय, आज धरते," त्या म्हणाल्या, आणि हात धरून उठल्या.